शिक्का कशाचा? सातारा-सांगलीकडे घराण्याचा शोध घेताना सरकारी नोंद किती धरायची

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांतही वर्षानुवर्षं न हललेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, सुटू लागले. कुणबी नोंद शोधायला गेलेल्या पुष्कळांना तिथे भलतंच सापडलं. कधी नाव न ऐकलेला चुलत पणजोबा, कधी आजोबांच्या जन्माची दोन वेगवेगळी सालं, तर कधी आडनावाच्या जागी नुसतं ‘पाटील’. दाखला हवा असणाऱ्याचं काम एका नोंदीवर भागतं. घराण्याचा इतिहास लिहायचा असेल, तर एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदी समोर घेऊन बसावं लागतं, आणि खरी मजाही त्यातच आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. नकलेवर ‘खरी नक्कल’ असा गोल शिक्का मारून मिळतो, त्याचा अर्थ एवढाच की मूळ वहीत जे आहे तेच या कागदावर उतरवलं आहे. वहीत लिहिलेलं खरं होतं की नाही, याची हमी तो शिक्का देत नाही. कायद्याचीही भूमिका साधारण हीच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली आणि फेरफारातली (त्या हक्कात झालेल्या बदलाची) नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे ती खोटी ठरवायला वाव आहे. फेरफारामुळे मालकी मिळत नाही, असं तर सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे.

आधी घरची वही

कचेरीच्या पायऱ्या चढण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. घरातल्या आणि भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुणी सांगितली व कधी सांगितली ते लिहा. ‘आजोबा प्लेगात गेले’ हे वाक्य आत्याने सांगितलं की काकांनी, याला पुढे फार महत्त्व येतं. थेट साल विचारलं तर माणूस अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. त्यापेक्षा खुणा विचारा: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७) लग्न झालं होतं का, थोरला पोरगा किती वर्षांचा होता.

मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि घराण्याचं टोपणनाव विचाराच. आणि एक प्रश्न विसरू नका: कुणाचं सुतक तुम्हाला येतं? भावकी किती लांबपर्यंत एक आहे, हे कुठल्याही उताऱ्यापेक्षा सुतकावरून लवकर कळतं. ट्रंकेतल्या शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, लग्नपत्रिका यांचे फोटो काढून ठेवा. कृष्णाकाठच्या घरांतले असे कागद २००५ आणि २०१९ च्या पुरात गेले. उरले असतील तेवढे तरी जपा.

गाव तेव्हा कुणाच्या अमलात होतं?

ही पायरी गाळली की माणूस चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतो. सातारचं राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, पण आजूबाजूला संस्थानं शिल्लक होती. फलटण निंबाळकरांचं, जत डफळ्यांचं, सांगली आणि मिरजेच्या थोरली-धाकटी अशा दोन्ही पात्या पटवर्धनांच्या, औंध पंतप्रतिनिधींचं. औंध संस्थान तर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं होतं. आटपाडी त्यात, आणि आज पलूस तालुक्यात असलेलं कुंडलही त्यातच. ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळालं.

म्हणून तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर या तालुक्यांतल्या माणसाच्या जुन्या कागदावर ‘जि. सातारा’ दिसलं, तर तो साताऱ्याहून आला असं समजू नका. तो जागेवरच होता, जिल्हा बदलला. उलट संस्थानी गावाचं १९४८ पूर्वीचं दप्तर इंग्रजी मुलखाच्या नमुन्याप्रमाणे असेलच असं नाही. त्यातले रकाने आणि सन वेगळे असू शकतात.

पाटण-जावळीकडच्या कोयना खोऱ्यातली घरं असतील, तर आणखी एक पेच. धरणात गाव बुडालं, माणसं रायगड, रत्नागिरी, ठाणे, सांगली, सोलापूरकडे वसवली गेली आणि कित्येकदा नव्या वसाहतीला जुन्याच गावाचं नाव राहिलं. तेव्हा एकाच नावाची दोन गावं दोन जिल्ह्यांत निघू शकतात. उताऱ्यावर तालुका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद नसणं हीसुद्धा माहिती असते. पूर्वी गावचं बरंचसं दप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असे. १९४२ च्या चळवळीत काही चावड्यांची दप्तरं जाळली गेली, आणि १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या भागातली ब्राह्मणांची घरं जळाली तेव्हा घरातले कागदही गेले. ‘आमची नोंदच नाही, म्हणजे आम्ही इथले नव्हतो’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्या वर्षांच्या वह्या तरी शिल्लक आहेत का, ते विचारा.

नोंद हाती आली की

वाचायच्या आधी चार गोष्टी शोधा: माहिती कुणी दिली, लिहिली कुणी, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि कशासाठी. शेतसारा वसूल करायला केलेली वही जमीन कुणाच्या नावावर आहे याबद्दल दक्ष असते. त्या माणसाच्या वयाशी किंवा त्याच्या बहिणींशी तिला कर्तव्य नसतं. एकच कागद एका गोष्टीसाठी भक्कम आणि दुसरीसाठी कुचकामी असतो. म्हणून ‘हा पुरावा विश्वासार्ह आहे का’ असं अख्ख्या कागदाबद्दल न विचारता एकेका रकान्याबद्दल विचारायचं.

जन्म-मृत्यूची वही

जुना गाव नमुना १४, काही ठिकाणी यालाच कोतवाल बुक म्हणतात. (आजचा नमुना १४ गावच्या पाण्याचा आहे, त्यामुळे अर्ज करताना ‘जुना, जन्म-मृत्यूचा’ असं स्पष्ट लिहा.) गावात कुणी जन्मलं किंवा गेलं की पोलीस पाटलाकडे वर्दी जायची आणि वहीत ओळ पडायची. घटनेच्या सगळ्यात जवळ लिहिलेली हीच नोंद, म्हणून तारखेला मी हिला पहिला मान देतो.

पण अडचण अशी की बारशाआधीच वर्दी गेलेली असायची, त्यामुळे मुलाचं नाव नसतं. ‘अमक्या बिन तमक्यास पुत्र’, एवढंच (‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’). त्याच जोडप्याला चार मुलगे झाले असतील, तर ही ओळ कुणाची? बापाच्या नावाचे गावात तिघे असतील, तर कुणाच्या घरची? यावर उपाय एकच. एक ओळ उतरवून घरी न येता आसपासची दहा-पंधरा वर्षं सलग पाहायची, जन्माची आणि मृत्यूची दोन्ही.

मृत्यूच्या कारणावर फार विसंबू नका. पटकी, देवी, प्लेग हे गावाला ओळखता येत होते. बाकी सगळं ‘ताप’. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातले मृत्यूही बहुतेक ‘ताप’ म्हणूनच सापडतील. मात्र एका महिन्यात एकाच आळीत तापाच्या ओळी ओळीने लागल्या, तर साथ होती हे कारणाचा रकाना न वाचताही समजतं.

आणि माणूस गावात गेलाच नसेल, तर? सातारकर, सांगलीकर पुरुषांचं अर्धं आयुष्य मुंबईच्या गिरण्यांत गेलं. मृत्यू परळ-लालबागला झाला असेल तर नोंद मुंबई महापालिकेकडे, गावच्या वहीत काहीच नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर आणि एक जून

आपल्याकडच्या जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेले इतके लोक आहेत की त्या दिवशी गावोगाव वाढदिवसच वाढदिवस असतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाचं वय भरलेलं दिसायला हवं, बापाला तारीख माहीत नाही. मास्तरांनी मुलाची उंची बघितली आणि १ जून टाकून दिली. ही तारीख वंशावळीत जशीच्या तशी चढवू नका. तिचा अर्थ ‘प्रवेशाच्या वेळी मास्तरांना हे मूल साधारण एवढ्या वयाचं वाटलं’ इतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ च्या एका निकालात म्हटलं होतं की, शाळेच्या वहीतली जन्मतारीख कुणी आणि कशाच्या आधारे सांगितली हे पुढे आलं नाही, तर तिला पुरावा म्हणून फारसं वजन नाही.

मग रजिस्टर टाकाऊ का? मुळीच नाही. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारण हे रकाने मास्तरांच्या डोळ्यांदेखत भरले गेले आहेत. ते पक्के धरा. फक्त मुलाला शाळेत घालायला मामा आला असेल, तर आडनावही मामाचंच लागल्याची उदाहरणं सापडतात. १९१९ मध्ये काले इथे सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत दूरदूरची मुलं राहिली. घरातलं कुणी तिथे शिकलं असेल, तर गावच्या शाळेत न सापडलेलं मूळ गाव त्या शाळेच्या रजिस्टरात सापडू शकतं.

सातबारा आणि फेरफार

घराण्याच्या शोधाचा कणा हाच. पद्धत अशी: आजच्या सातबाऱ्यावरून सुरुवात करू नका. संगणकीकरणाच्या आधीचा हस्तलिखित सातबारा मागा. त्यावर कंसात गेलेली नावं आणि वर्तुळातले फेरफार क्रमांक दिसतात. तो प्रत्येक क्रमांक म्हणजे एक फेरफार. तो काढायचा, त्यातून मागचा धागा मिळतो, तसं मागे मागे जायचं. गट नंबरवर गाडी अडली, तर एकत्रीकरणाचा (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्या योजनेचा) नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर मिळतो. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हक्कनोंदीपर्यंत जाता येतं. हाताने केलेल्या पुनर्लेखनात आणि नंतर संगणकावर चढवताना नावं गळली आहेत, ‘बाबू’चा ‘बापू’ झाला आहे. म्हणून दोन उताऱ्यांत फरक आढळला, तर जुना धरायचा, जोवर मधला फेरफार काही वेगळं सांगत नाही.

फेरफारातलं मुख्य वाक्य साधारण असं असतं: ‘खातेदार मयत, वारस खालीलप्रमाणे, वर्दीवरून नोंद.’ इथे तीन सापळे आहेत. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ येईपर्यंत लोक वारसनोंद करत नसत, मध्ये दहा-वीस वर्षंही जात. दुसरा, वर्दी देणाऱ्याने सांगितले तेवढेच वारस. मुली कधी गाळलेल्या, कधी ‘इतर हक्कात’ टाकलेल्या, तर कधी त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतलेलं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची. त्याआधीच्या उताऱ्यांत आत्या-पणजी नाहीत म्हणजे त्या घरात नव्हत्या असं नव्हे. त्यांचा शोध त्यांच्या सासरच्या दप्तरात घ्यायचा. तिसरा सापळा ‘ए.कु.मॅ.’चा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागतं आणि मागचे चार भाऊ कागदावरून नाहीसे होतात.

वाटणीची सालंही डोळसपणे वाचा. कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, ठरला, १९६१ ला कमाल जमीनधारणेचा कायदा आला. त्या आगेमागे झालेल्या वाटण्यांपैकी बऱ्याच जमीन वाचवायला केलेल्या, नुसत्या कागदोपत्री होत्या. भाऊ एकाच चुलीवर जेवत होते. अशा फेरफारावरून ‘१९५८ ला घर फुटलं’ असं लिहू नका.

वारसांची नावं आणि क्रम बघायला सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही, जास्त कामाची. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचं नाव असतं. तेही सोडू नका: १९३१ मध्ये अज्ञान म्हणजे जन्म १९१३ च्या अलीकडचा, आणि आईचं नाव फुकट मिळालं. बायकांची नावं शोधायची तर ‘कोम’ आणि ‘भ्र.’ या खुणांमागे जा; दोन्हींपुढे नवऱ्याचं नाव येतं.

नावं

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल. त्यामुळे ‘रामा बिन बाळू’, ‘बाळू बिन रामा’, पुन्हा ‘रामा बिन बाळू’ अशी माळ लागते आणि दोन पिढ्या एकीत मिसळून जातात. नेहमी तीन नावं मिळेपर्यंत थांबा. दत्तक असेल, तर जन्माच्या वहीत एक बाप आणि सातबाऱ्यावर दुसरा. दोन्ही नोंदी बरोबर असतात.

आडनावावर तर मुळीच अडून बसू नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही कामावरून पडलेली नावं. एका भावाकडे पाटीलकी आली की तो पाटील, दुसरा मूळ आडनावाने राहिला. गाव सोडून गेलेला गावाच्या नावाने ‘कर’ झाला. जुन्या हक्कनोंदीत अनेकदा आडनावच नसतं.

मोडीतल्या नोंदींत आणखी घोळ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. मोडी वाचकाकडून उतारा करून घ्याल, तेव्हा त्याला तुमच्या घरातली नावं आधी सांगू नका. सांगितली की त्याला तीच दिसायला लागतात.

सन

शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी-मार्चच्या तारखांना ७९. आपल्याकडचा फसली सन, म्हणजे महसुलाचं साल, मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. त्यात ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. फसली १२८६ म्हणजे १८७६-७७, मोठ्या दुष्काळाचं साल. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकशब्दांत असतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२, त्यात ५९९ मिळवून १७७१-७२. असे जुने कागद लागले, तर पुण्याच्या पुरालेखागाराची वाट धरावी लागते.

नोंदी भांडतात तेव्हा

एक काल्पनिक पण नेहमी घडणारं उदाहरण घेऊ. विट्याकडचं एक घर. ज्ञानू बिन तुका यांचा जन्म कधीचा? शाळेत १ जून १९२६, प्रवेश १९३३. पलटणीत भरती १९४३, वय १८, म्हणजे १९२५. नमुना १४ मध्ये नोव्हेंबर १९२४ ला ‘तुका बिन ज्ञानू यास पुत्र’. घाईतला माणूस १९२४ धरून मोकळा होतो, कारण ती नोंद सगळ्यात जुनी.

आता मृत्यूची पानं चाळा. जून १९२६: तुका बिन ज्ञानू याचा मुलगा, वय दीड वर्षे, कारण देवी. म्हणजे १९२४ चं ते मूल गेलं. जन्माची पानं पुढे चाळा. मार्च १९२७ ला पुन्हा पुत्र, १९३० ला आणखी एक. १९३१ च्या वारसनोंदीत ‘१. ज्ञानू, २. शिवा, अ.पा.क. आई’. तेव्हा थोरला ज्ञानू मार्च १९२७ चा असण्याचीच शक्यता जास्त, बशर्ते १९२४ च्या आधी जन्मलेला आणि जगलेला आणखी मुलगा वहीत नसेल. शाळेत जाताना तो सहा वर्षांचा होता, हे जमतं. भरतीला सोळाच होता. वय वाढवून सांगितलं, तेही जमतं. खुद्द त्याच्या नावाच्या दोन्ही कागदांवरची वयं चुकीची निघाली आणि बिननावाची ओळ कामी आली.

पहिल्या महायुद्धातला जवान असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत बापाचं नाव, गाव, जिल्हा मिळू शकतो. पण तिथली गावांची नावं साहेबी स्पेलिंगमधली, मोठ्याने वाचून बघावी लागतात.

तीन कागद एकच साल सांगतात म्हणून ते पक्कं, असंही समजू नका. शाळेच्या दाखल्यावरून नोकरीचं सर्व्हिस बुक, त्यावरून पेन्शनचा कागद, त्यावरून आधार. चार कागद, पण साक्षीदार एकच, आणि तो उंची बघून तारीख टाकणारा मास्तर.

सरकारबाहेरचे साक्षीदार

म्हणून वेगळ्या हाताने लिहिलेली नोंद शोधायची. पंढरपूर, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्याने स्वतः सांगितलेली पिढ्यांची नावं असतात. आपल्या दक्षिण भागात घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात. त्यांच्या वंशावळी फक्त वाचून न घेता उतरवून घ्या. दोन्हीकडे मोठेपणा वाढवून सांगितलेला असू शकतो, पण सरकारी कागदात नसलेला भाऊ किंवा मूळ गाव इथे मिळतं. जनगणनेच्या मागे लागू नका. १९४८ च्या कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय आहे. त्याऐवजी १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर गावासाठी शिल्लक आहे का, ते तहसीलला विचारा.

लिहून ठेवताना

वंशावळीत नुसतं ‘१९२७’ लिहू नका. ‘मार्च १९२७, नमुना १४, नाव नाही, वारसक्रमावरून’ असं लिहा आणि शाळेचं १९२६ खाली राहू द्या. चूक सापडली म्हणून सरकारी नोंद दुरुस्त करायला धावायची गरज नाही. जमिनीच्या वारसाहक्काला धक्का लागत असेल, तर लेखनप्रमादासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. नुसत्या इतिहासासाठी तो खटाटोप नको. नकलेच्या मागे पेन्सिलीने कचेरी, गाव, रुमाल, पान आणि तारीख टाका, कारण पुढच्या वेळी तोच रुमाल काढून देणारा कारकून टेबलावर असेलच असं नाही.